माशी बसेपर्यंत

३ मार्च, सोमवार

बाबांनी आज जेवता जेवता जाहीर करून टाकलं — एप्रिलपासून ते दुकानात बसणार नाहीत! आत्यानं विचारलं, "मग बघणार कोण?" बाबा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "जिच्या फुलावर माशी बसेल ती. नाहीतर टिल्लू."

जिच्या म्हणजे माझ्या. या घरात फुलं करणारी दुसरी आहे कोण?

डोकं इतकं तापलंय की सगळं पहिल्यापासून लिहून काढते, म्हणजे निवेल. आमच्याकडे कापडी फुलं करतात. आजोबा करायचे, बाबा करायचे, आता मी करते. आणि आमच्या घराचा एक नियम आहे, आजोबांनी घातलेला. ज्याच्या फुलावर खरीखुरी मधमाशी आपणहून येऊन बसेल, तो कारागीर. मग त्यानं आपल्या फुलावर आपली खूण घालायची. बुडाशी, देठ सुरू होतो तिथं, आपल्या रंगाच्या धाग्याचे दोन टाके. आजोबांचे लाल होते, बाबांचे हिरवे. माशी बसेपर्यंत कितीही जीव ओतून फूल करा, खूण मोठ्यांचीच.

मी विशीत या कामाला बसले. आता चाळिशी उलटली. बाबांची बोटं आखडल्याला कितीतरी वर्षं झाली. पाकळ्या मी कापते, खळ मी लावते, तापलेल्या लोखंडी गोळीनं पाकळीला खोलगट वळण मी देते. आणि शेवटी बुडाशी बाबांचे हिरवे टाकेही मीच घालते! माझा पिवळा धागा डब्यात पडून पडून पांढरट झालाय.

टिल्लू म्हणजे माझा चुलतभाऊ. दाराच्या चौकटीला डोकं लागतं म्हणून टिल्लू. त्याला दुकानात प्लॅस्टिकची तयार फुलं आणायचीत, खोकीच्या खोकी. "ताई, धुता येतात ती." परातही धुता येते. म्हणून कोणी परात फुलदाणीत ठेवत नाही.

४ मार्च, मंगळवार

बाबांना म्हटलं, आजवर मी किती वेळा फुलं अंगणात ठेवली, एक तरी माशी आली का? नियम बदला.

"माझ्या फुलावर कशी बसली?"

झालं. पुन्हा ती गोष्ट. दुकानासमोर टेबल मांडलेलं, सगळी गल्ली गोळा झालेली, बाबांनी केलेलं पांढरं फूल, आणि आली ती माशी! बसली, फिरली, पुन्हा बसली, हलेचना. लहानपणी ऐकली तेव्हा ती साधी माशी होती. आता ती जवळजवळ चिमणीएवढी झालीय.

६ मार्च, गुरुवार

दुकानात एक बाई आल्या. डोक्यावर घमेल्याएवढी टोपी, बुटांना चिखल, गळ्यात भिंग. पलीकडच्या कॉलेजच्या बागेत मधमाश्यांवर संशोधन करतात म्हणे. त्यांना आमच्याकडून फुलं करून हवी होती — माश्यांसाठी!

मी अशी उठले की मांडीवरची कात्री खाली पडली. कपाटातून माझा लाल गुलाब काढला. दोन दिवस खपून केलेला, आतल्या पाकळ्या बाहेरच्यांहून गडद, एका पाकळीवर मुद्दाम जराशी सुरकुती. त्यांनी बघितला, छान म्हणाल्या, परत ठेवला. मग पिशवीतून एक नमुना काढला. निळी चकती. बशीएवढीसुद्धा नाही, मधे एक खळगा.

"अशा वीस. बाकी काही नको. पाकळ्या अजिबात नकोत."

पाकळ्या अजिबात नकोत! माझ्या आजोबांच्या दुकानात!

मी तोंडावर नाही म्हणणार होते, पण तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. ज्या बाईंच्या अंगावर दिवसभर माश्या असतात, त्यांना नाही म्हणणारी मी कोण? म्हटलं, चकत्या करून देते, त्याबदल्यात माशी कशावर बसते ते शिकवा. बाई हसल्या. आजपासून या वहीत त्यांचं नाव माशीबाई.

९ मार्च, रविवार

अपमान. साधासुधा नव्हे, बागेत, सगळ्यांदेखत.

माशीबाईंनी गवतावर चकत्या मांडल्या, प्रत्येकीच्या खळग्यात साखरपाण्याचा थेंब. मधोमध माझा गुलाब. थोड्या वेळानं माश्या आल्या. चकतीवर आल्या, शेजारच्या चकतीवर आल्या, पुन्हा पहिल्या चकतीवर. एक माशी टिल्लूच्या खिशातल्या पेनच्या निळ्या टोपणावर बसली! (तो मला सोडायला आला होता, मजा बघत उभा राहिला.) माझ्या गुलाबावरून सगळ्या अशा गेल्या, जसा तो तिथं नाहीच.

"त्यांच्या दृष्टीनं नाहीच आहे तो," माशीबाई म्हणाल्या. मधमाशीला लाल रंग लाल दिसत नाही. अंधारलेला, जवळजवळ काळा दिसतो. निळा, जांभळा, पिवळा तिला झकास दिसतो. वीस वर्षं मी अंगणात लाल गुलाब ठेवत आले. म्हणजे काळोख शिवून ठेवत होते!

आजोबांचं काय, मी विचारलं. त्यांनी लाल फुलंच केली म्हणतात. माशीबाईंनी खांदे उडवले. घरी येऊन आत्याला विचारलं तर म्हणते, "मी तेव्हा जन्मले तरी होते का?"

टिल्लूनं ते पेन धुतलेलं नाही. शर्टाला लावून हिंडतोय.

११ मार्च, मंगळवार

निळं कापड आणलं.

१२ मार्च, बुधवार

निळ्या फुलावर दिवसभर काही नाही. एक कोळी. त्यानं जाळं सुरू केलं, बहुतेक त्यालाही आशा होती.

१५ मार्च, शनिवार

आज वास. माशीबाई म्हणाल्या, रंग जवळून कळतो, पण लांबून बोलावतो तो वास. शिवाय माशी वास पक्का लक्षात ठेवते. एकदा अमुक वासाच्या फुलात काही मिळालं की त्या फेरीत ती त्याच जातीची फुलं धरून चालते, शेजारी दुसरी कितीही छान फुलली तरी तिकडे बघत नाही. का, तर एका जातीचं फूल कसं उघडायचं, तोंड कुठून घालायचं, हे एकदा हाताला बसलं की काम झपझप होतं. दर वेळी नवीन शिकायला वेळ कोणाला आहे? मला हे फार पटलं. मीसुद्धा तीस प्रकारच्या सुया सोडून एकच वापरते.

तर वास. घरात होती ती सगळी अत्तरं मी फुलांना लावली. आत्यानं तिची जुनी बाटली दिली, लग्नात मिळालेली. दुपारपर्यंत बाबांचं डोकं दुखायला लागलं, आत्याला शिंका सुरू झाल्या आणि एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

आणि आली! पण मधमाशी नव्हे. गांधीलमाशी. फुलाकडे ढुंकूनही न बघता ती सरळ टिल्लूच्या मागे लागली. सहा फुटांचा माणूस कापडाच्या ढिगात डोकं खुपसून बसलेला मी आयुष्यात विसरणार नाही. अत्तराचा एवढा तरी उपयोग झाला.

मग आत्यानं शक्कल काढली. "पिकलं केळं चोळ." चोळलं. घरमाश्या आल्या, थवेच्या थवे! आत्या म्हणते, माशी ती माशी, बसली की नाही? बाबा आतून ओरडले, "घरमाशी नाही चालत!" माशीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, यात हसण्यासारखं काही नाही, काही फुलं खरोखरच सडक्या मांसाचा वास सोडतात, माश्यांनाच बोलवायला. ज्याला जे गिऱ्हाईक हवं तसा तो वास ठेवतो.

मला मधमाशीच हवी. बाकीच्यांनी रांग लावू नये.

१८ मार्च, मंगळवार

माशीबाईंनी कुंडी आणून दिली. निळी वेल, घंटेच्या आकाराची फुलं, आत पिवळा घसा. नमुन्याला म्हणून. "माश्या हिच्यावर जीव टाकतात. हुबेहूब अशी करा."

आणि एक कॅमेरा दाखवला. माणसाला न दिसणारा, पण माशीला दिसणारा उजेड तो टिपतो. खऱ्या घंटेचा फोटो काढला तर तिच्या घशाशी काळंभोर वर्तुळ! बाहेरून कडा उजळ, मधे काळं, जणू या इकडे म्हणून कोणी बोट दाखवतंय. आपल्याला यातलं काही दिसत नाही. माझ्या घंटेचा फोटो काढला. सपाट. धुतलेल्या फडक्यासारखी.

मला रडूच आलं. इतकी वर्षं फुलाकडे बघत आले आणि अर्धं फूल कधी बघितलंच नव्हतं! माशीबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो ताई, मला तरी कुठं दिसतं? म्हणून तर कॅमेरा."

२० मार्च, गुरुवार

न दिसणारा रंग द्यायचाय. दुकानातले सगळे रंग लावून कॅमेऱ्यातून बघितले. एकही तसा काळा दिसेना. शेवटी माशीबाईंना एकदम सुचलं. उन्हात चेहऱ्याला लावतात ती क्रीम! ती नेमका तोच उजेड अडवते. कपाटातून ट्यूब आणली, बारीक कुंचल्यानं घंटेच्या घशाला आतून लावली, फोटो काढला — काळंभोर वर्तुळ!

मी उठून नाचले. आत्याही नाचली, कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं.

क्रीम टिल्लूची होती. संपली. त्याला सांगितलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

टिल्लूचं नाक लाल. काहीतरी चावलं असेल म्हणतो. मी मान डोलावली.

२२ मार्च, शनिवार

सहा घंटा झाल्या. माझी आजवरची सगळ्यात चांगली फुलं आहेत, हे मी फक्त इथंच लिहिणार. कडेला बारीक झालर, घशात पिवळ्यावर कळेल न कळेल अशी रेघ. अंगणात ठेवल्या. एक माशी आली, घशापर्यंत आली, हवेत थांबली — आणि गेली.

माशीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, इथवर आणलीत हेच खूप. आत काही नाही हे तिला चटकन कळतं. फूल काही दिसायला म्हणून सुंदर नसतं ताई, ती जाहिरात असते, आत माल असावा लागतो. माल न ठेवता फसवणारीही काही फुलं आहेत. पण तिथं फसतात त्या नवख्या माश्या, पहिल्यांदा बाहेर पडलेल्या. जुन्या माश्या एकदा फसतात, मग तिकडे फिरकत नाहीत.

म्हणजे मला जगातली मूर्ख माशी शोधायचीय. आणि तीसुद्धा महिनाअखेरीच्या आत.

आत्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. इकडेतिकडे बघितलं. पदराखालून जॅमची बाटली काढली.

"एक बोट लाव आत. कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, आत्या, गोड लावायचं नाही हा पहिला नियम. आजोबांपासूनचा.

"तुझ्या बापाच्या फुलाला लावलेलं होतं."

आणि मग सांगितलं तिनं. ती तेव्हा चार-पाच वर्षांची, टेबलाखाली बसून ब्रेड-जॅम खात होती. बाबा माणसं जमवायला बाहेर गेले तेवढ्यात तिनं ते पांढरं फूल उचललं, कुरवाळलं, परत ठेवलं. दोन्ही हात जॅमनं बरबटलेले. मग माशी आली ती हलेल कशी! "तो इतका खूश झाला होता गं. उचलून घेतलं मला, गल्लीभर नाचवलं. कसं सांगणार?"

म्हणजे बाबांचे हिरवे टाके जॅमवर उभे आहेत! आणि मी वीस वर्षं ते टाके माझ्या फुलांवर घालतेय!

जॅमची बाटली मी परत केली. राग इतका आला होता की रागाच्या भरातच प्रामाणिक राहिले.

२६ मार्च, बुधवार

आज एक पाप केलं. खिडकीत एक मेलेली मधमाशी सापडली. फुंकर मारून साफ केली आणि डिंकानं माझ्या घंटेवर चिकटवली. माशीबाईच म्हणाल्या होत्या, नवख्या माश्या दुसरी माशी जिथं बसलेली दिसते तिथं उतरतात. अनोळखी गावात आपण नाही का गर्दीची खानावळ बघून शिरत?

माशी यायच्या आधी गिऱ्हाईक आलं. फूल बघितलं, "किती खरी वाटते हो ही माशी, माशीचे वेगळे किती?" म्हणालं.

सोलून काढली. फुलाला डाग पडला. पाचच घंटा उरल्या.

२९ मार्च, शनिवार

उद्या शेवटची संधी. बाबांनी नियम पुन्हा वाचल्यासारखे सांगितले. गोड नाही, मेलेली माशी नाही (त्यांना कळलं कसं?), आणि करणाऱ्यानं अंगणात पाऊल ठेवायचं नाही, आतून बघायचं. साक्षीला माशीबाई येणार.

टिल्लूनं दुकानाची मापं घेतली. खोकी कुठं मावतील ते बघत होता. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाला, "ताई, तू काउंटरवर बस ना. तुला आवडेल." काउंटरवर! मी आत जाऊन पाकळ्यांच्या ठशांचा डबा पुसला. मग उगीचच पुन्हा पुसला.



३० मार्च, रविवार

सगळं लिहायचं ठरवलंय.

सकाळी मी माझ्या पाच घंटा, कापडी वेलीवर तारेनं बसवून, टोपलीत घालून अंगणातल्या टेबलावर ठेवायला आत्याच्या हाती दिल्या. तिला टोपली ओकीबोकी वाटली म्हणे. म्हणून तिनं खऱ्या वेलीची कुंडी उचलून टोपलीला खेटून ठेवली आणि दोन्ही वेली एकमेकींत गुंतवून टाकल्या. "भरल्यासारखं दिसावं म्हणून." हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत गजाला धरून उभी होते. तिथून नुसतं निळं दिसत होतं.

माशीबाई आल्या. टोपलीकडे बघितलं, चुकचुकल्या, "किती कोमेजवलीत हो ही!" म्हणाल्या, आणि कोपऱ्यातली झारी उचलून माझ्या कापडी घंटांवर पाणी घातलं!

माझी खळ! मी खिडकीतून हातवारे केले. त्यांनी मला हात केला.

मग बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. चष्मा त्यांना नको असतो, चष्मा म्हाताऱ्यांसाठी. डोळे बारीक करून एकेक घंटा बघत होते. बोलतात केवढ्यानं, सगळं ऐकू येत होतं. "ही बरी आहे. हीही बरी. ही मात्र — हिची कड बघ. कुरतडल्यासारखी कापलीय. रंगही एका बाजूला उतरलाय. घाई केली पोरीनं. सांगून सांगून थकलो, घाई करू नको."

कुरतडल्यासारखी? मी? माझी कात्री?

आणि माशी आली. एकच. टेबलावर गोल फिरली, एका घंटेशी हवेत थांबली, वळली. दुसरीशी थांबली, वळली. मग ती त्या घंटेशी आली, जिला बाबांनी नावं ठेवली होती. सरळ आत शिरली, पार घशापर्यंत, मागचे पाय तेवढे बाहेर. बसली!

टिल्लूनं आरोळी ठोकली. आत्या रडायलाच लागली. बाबा उठले, खुर्ची मागे पडली. माशी बाहेर येऊन उडून गेली तसं त्यांनी ते फूल हातात घेतलं, बुडाशी टाके घालायची जागा बघायला उलटं केलं आणि ओढलं.

देठ तुटला. आतून पाणी गळलं. बाबा म्हणाले, "तार कुठाय?"

आत्या हळूच म्हणाली, "दादा, हे कुंडीतलं दिसतंय."

मी खिडकीत होते तिथंच खाली बसले. बाबा आत आले, माझ्याकडे न बघता खोलीत गेले, दार लावलं.

संध्याकाळी मी त्या दारापर्यंत गेले. जॅमचं सांगायचंच असं ठरवून गेले होते. शब्दसुद्धा जुळवले होते, चांगले झोंबणारे. दार लोटलं. बाबा खाटेवर बसून त्या तुटक्या फुलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. त्या बोटांना गोळीच्या चटक्यांनी इतके घट्टे पडलेत की चहाचा पेला गरम आहे की गार तेही कळत नाही. मी म्हटलं, जेवायला चला. बस, एवढंच.

३१ मार्च, सोमवार

टिल्लूची खोकी आली. दारातून जात नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

खोक्यांतलं एक प्लॅस्टिकचं फूल आत्यानं धुतलं. रंग गेला. कोणाला हसूही आलं नाही. मी पिवळ्या धाग्याचं रीळ केराच्या बादलीत टाकलं. मग काढलं. चांगला धागा आहे, बटणांना होईल.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी बाबा माझ्या कामाच्या खोलीत आले. किती दिवसांनी! पाटावर बसले, ठशांचा डबा उगीच उघडला, मिटला. म्हणाले, "माझ्या फुलावर ती बसली ती जॅमवर. मला तेव्हाच कळलं होतं. फूल बोटांना चिकटलं."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"माझ्या फुलाला कधी कोणी पाणी नाही घातलं. त्या बाई दिवसभर फुलांतच असतात, त्यांनी तुझ्या फुलाला पाणी घातलं. आणि मी देठातून उगवलेल्या फुलाला नावं ठेवली, तुझं समजून." डबा बाजूला सरकवला. "टिल्लूला सांगितलंय, खोकी परत कर. घाल तुझी खूण."

मग मुठीतून एक निळी घंटा काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "कुंडीपाशी खाली पडलं होतं. नीट ठेवत जा. पहिली खूण यावर घाल, माझ्यासमोर. हे झकास जमलंय तुला."

बूड ओलं होतं, आत तार नव्हती. घशात पिवळे परागकण होते, माझ्या बोटाला लागले. बाबा डोळे बारीक करून बघत होते.

मी पिवळा धागा ओवला आणि दोन टाके घातले.